यंत्र माझं, गल्ला अक्काचा

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. कब्बनपेटेतल्या आमच्या बोळात दोन्ही बाजूंना रेशमाचे यंत्रमाग होते, आणि सकाळी वीज आली की त्यांची जी खटखट सुरू व्हायची ती कारागीर जेवायला उठेपर्यंत. आई चुलीपुढून मीठ मागायची तेही ओरडून, आणि अप्पा देवापुढे स्तोत्र म्हणायचे तेही असं, की परगावच्या पाहुण्याला वाटावं, देवाशी यांचा काही जुना वाद आहे. माग बंद असायचे त्या दिवशीही आम्ही सवयीने तसेच ओरडून बोलायचो, मग आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत आला की एकमेकांकडे बघून हसायचो. त्यात आमचा धंदाच आवाजाचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, लग्नांना, देवळांच्या उत्सवांना आणि सभांना माइक आणि रोषणाईचे दिवे भाड्याने देत. त्यांच्या वडिलांनी मिरवणुकांना गॅसबत्त्या पुरवल्या होत्या. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. भिंतीवरच्या खुंट्यांना तारांची वेटोळी टांगलेली, खाली कर्णे तोंड जमिनीकडे करून एकात एक घातलेले, आणि टेबलावर तो जड ॲम्प्लिफायर, ज्याला आम्ही नुसतं ‘सेट’ म्हणायचो. सेट तापला की त्यातल्या व्हॉल्व्हांवरची, म्हणजे दिव्यांसारख्या काचेच्या नळ्यांवरची, धूळ जळून एक वास यायचा. तो वास आणि आतून येणारा नाचणीच्या मुद्द्यांचा, म्हणजे उकडीच्या गोळ्यांचा, रविवार असेल तर मटणाच्या सारूचा वास, हे एकत्र झाले की मला कडकडून भूक लागायची. आता घरात सगळंच थंड चालतं. रेडिओसुद्धा तापत नाही.

मराठी आमची घरातली. पूर्वज कुठल्या तरी फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलुखात आले म्हणतात. फौज परत गेली, आम्ही राहिलो. आमच्या बोलण्यात ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘बेगा’ म्हणजे लवकर, ‘सरी’ म्हणजे ठीक, हे शब्द असे मिसळलेले होते, की ते कानडी आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आमच्या आमटीला सांबाराचा वास यायचा. हे प्रकरण मी ज्या मराठीत लिहितोय ती मी पुढे पुस्तकं वाचून कमावलेली आहे. अक्काने, माझ्या बहिणीने, हे वाचलं असतं तर नक्की विचारलं असतं, ही भाषा कुणाकडून भाड्याने आणलीस रे, आणि परत कधी द्यायची आहे?

अक्का माझ्याहून वर्षा-दीड वर्षाने मोठी. शाळेत एक वर्ष पुढे होती, पण आईला विषमज्वर झाला तेव्हा तिला घरी बसवलं, आणि नंतर आम्ही दोघं एकाच वर्गाला आलो. मला सेट उघडून बघायचं वेड होतं. कुठला व्हॉल्व्ह मेलाय, कुठला सांधा सुटलाय हे शोधण्यात मी जेवण विसरायचो. अक्काला सेटच्या आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला दुकानाच्या उंबऱ्यावर जो माणूस उभा राहिलाय त्याच्या आत काय आहे ते कळायचं. दंडूतून, म्हणजे कॅन्टोन्मेंटकडून, कुणी आलं तर ती तमिळमध्ये त्याच्या मुलीची चौकशी करायची, उत्सव समितीच्या लोकांशी असं शुद्ध कानडी बोलायची की ते तिला गोत्र विचारायचे, आणि मंडपवाल्या भाईंशी दखनीत असा भाव करायची की भाई हात जोडून म्हणायचे, बेटी, आज तू आत जा, अप्पांना बाहेर पाठव. लग्नघरची माणसं माइक मागायला येत. अक्का त्यांना दिवे, माइक आणि गाण्यांच्या तबकड्या असं सगळं एकत्र घ्यायला लावायची, आणि जाताना ते तिचेच आभार मानायचे.

एकदा एकाच मुहूर्तावर समोरासमोरच्या दोन घरांत लग्नं निघाली, आणि दोन्हीकडचा माइक आमचा. अप्पांच्या डोक्याला हात. दोन्ही कर्णे एकमेकांवर भुंकणार, दोन्ही घरं आमच्यावर. अक्का दोन्ही घरी जाऊन बसली, दोन्हीकडे कॉफी प्यायली. एका घरी तिने सांगितलं की समोरच्यांची सनई थोर आहे, तुम्ही स्वल्प थांबलात तर लोक तुमचा मोठेपणा बोलतील. दुसऱ्या घरीही शब्दाला शब्द हेच सांगितलं. त्या दिवशी दोन्ही घरं एकमेकांना मान देत इतकी थांबली की भटजींचे मंत्र चक्क ऐकू आले. परत येताना अप्पा म्हणाले, “ही मुलगा असती तर.” अक्का म्हणाली, “मुलगा असते तर मला त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिलं असतं का?”

आमच्या दोघांचा एक करार होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण पक्का. मी इंजिनिअरिंगला जायचं, तिने वाणिज्य शाखेला. मग दुकान मोठं करायचं, नुसते सेट भाड्याने न देता आपण बनवायचे, आणि बनवलेले विकायचे. यंत्र माझं, गल्ला अक्काचा, असं आम्ही म्हणायचो. तिच्या कॉलेजसाठी अप्पांना तयार करायला तिला हिवाळाभर लागला. आमच्यात मुलीला तेवढं शिकवत नसत. पी.यू.सी.पर्यंत, म्हणजे कॉलेजाआधीच्या वर्गापर्यंत, ती पोहोचली हेच नातेवाइकांना खटकत होतं. प्रत्येक लग्नात कुणीतरी मावशी अप्पांना विचारायची, तिला काय कलेक्टर करणार? तिने अप्पांशी वाद घातला नाही. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी ती त्यांच्याशी बोलत गेली. अप्पांना एक भीती होती. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाने गल्ल्यावर परका बसवला आणि दुकान हातचं घालवलं, हे ते नेहमी सांगत. अक्काने ती भीती अचूक धरली. दत्तूचं, म्हणजे माझं, डोकं यंत्रात, ती म्हणायची, धंदा वाढला तर हिशेब, कर, कचेऱ्या कोण बघणार? परका? शेवटी अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, मोसम सरता सरता एके दिवशी अप्पा जेवताना म्हणाले की सरी, तीन वर्षं, घरच्या धंद्यासाठी, आणि तोवर लग्नाचं कुणी काढायचं नाही. आईने अक्काच्या ताटात अवरेकाळूचं सारू दुसऱ्यांदा वाढलं. अक्का मान खाली घालून जेवत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

तिच्या कॉलेजला जाण्याचं सगळं वजन त्या एका खिळ्यावर टांगलेलं होतं: घरच्या धंद्याला तिची गरज आहे. हे मला पूर्ण माहीत होतं. पुढचं सांगताना मला अजाण ठरवू नये म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

रामनवमीच्या आधी श्रीकंठय्या मेष्ट्रू, म्हणजे मास्तर, आले. ते एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि आमच्या भागातल्या रामोत्सवाच्या समितीवर होते. दरवर्षी कचेऱ्यांचा, म्हणजे गाण्याच्या बैठकींचा, माइक आमच्याकडून जायचा, आणि दरवर्षी ते गायकाच्या घशापेक्षा माइकचीच जास्त चिंता करत. मी मंडपात तारा ओढत होतो. पानकाचा, म्हणजे गुळाच्या सरबताचा, पेला हातात देऊन त्यांनी मला पुढचं विचारलं. मी इंजिनिअरिंग म्हणालो. ते म्हणाले, नुसतं इंजिनिअरिंग का? एक नवीन शाखा निघाली आहे. विजेचं तंत्र तर शिकवतातच, त्याबरोबर कारखाना कसा चालवायचा, माल किती पैशात पडतो, बाजार कसा ओळखायचा, माणसं कशी लावायची, हेही. परदेशात म्हणे आता असंच चालतं. “तुझ्यासारख्या दुकानातल्या मुलासाठीच केलंय जणू,” ते म्हणाले.

त्या पानकातल्या वेलदोड्याची चव मला आजही आठवते. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, अक्काला तर नाहीच, पण मला तिचा हेवा वाटायचा. सेट मी दुरुस्त करायचो. गिऱ्हाईक उंबऱ्यावर येऊन विचारायचं, अक्का आहे का? रात्रभर जागून मी ज्या माइकची घरघर काढायचो त्याबद्दल शाबासकी तिला मिळायची, कारण तो माइक देतो असा शब्द तिने दिलेला असायचा. मला वाटायचं, मलाही ते जमेल. कुणी शिकवलं तर जमेल. आणि आता कुणी शिकवणार होतं.

मेष्ट्रू मला ते कॉलेज बघायला घेऊन गेले. एका लांबलचक शेडमध्ये मोटारी जमिनीत बसवलेल्या होत्या, आणि त्याच शेडच्या टोकाला फळ्यावर कुणीतरी एका साबणाच्या कारखान्याचा नकाशा काढून खर्चाचे आकडे लिहिले होते. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं की आमचा विद्यार्थी मोटार उघडूही शकेल आणि विकूही शकेल. मला ते वाक्य फार आवडलं. परत येताना मेष्ट्रूंनी मला बसवनगुडीत मसाला डोसा खाऊ घातला, आणि मी त्यांना विचारलं की यात प्रवेश मिळेल का. मार्क पडले तर मिळेल, ते म्हणाले, आणि मग सहज विचारलं, तुझी अक्का काय करणार? मी म्हणालो, तिचं अजून ठरलेलं नाही. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो, आणि ते इतक्या सहज निघालं की डोसा खाताना घाससुद्धा अडला नाही.

निकाल लागले. दोघांनाही चांगले मार्क होते. तिला माझ्याहून थोडे जास्तच. आईने होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या केल्या. अक्काने आपल्या कॉलेजात घालायला म्हणून मामाकडून आलेल्या कापडाच्या दोन दावण्या, म्हणजे परकर-ओढणीचे जोड, स्वतः शिवून घडी घालून ठेवल्या. मी अजून तिला त्या शाखेबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. रोज ठरवायचो, उद्या.

आणि मग तारेच्या चाचणीचा दिवस आला. एका मोठ्या मैदानावरच्या सभेचं काम मिळालं होतं आणि त्यासाठी अप्पांनी नवी लांब तार आणली होती. लांब तारेतून आवाज फाटतो की काय हे आधी बघावं लागे. आमची पद्धत अशी, की सेट आणि माइक दुकानातल्या टेबलावर ठेवायचा, तार बोळाच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या कट्ट्यापर्यंत न्यायची, तिथे कर्णा रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा, आणि त्याच्याखाली अक्काने उभं राहायचं. तिच्याइतका कान कुणाला नव्हता. मी इकडून काहीतरी बोलायचो, ती तिकडून हात वर करून खुणा करायची: घोगरा येतोय, तुटतोय, नाकातून येतोय, सरी आहे. मागांच्या खटखटीमुळे दुकानात कर्ण्याचा आवाज पोहोचत नसे, म्हणून तर माणूस उभं करावं लागे.

त्या दिवशी अक्का तिकडे गेली. मी तार जोडली, सेटचं बटण दाबलं. तेव्हाचे सेट लगेच बोलत नसत. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा. आधी काहीच नाही, मग हळूहळू आवाज यायचा. त्या घरात हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. सेट तापायची वाट बघत मी टेबलाशी उभा होतो, पाठ बोळाकडे. अप्पा समोर स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, मेष्ट्रू भेटले होते. कसली ती नवी शाखा? तू मला बोलला नाहीस.

मी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता मला चढलं. मोटारी, साबणाचा कारखाना, बाजार. अप्पांना समजावं म्हणून मोठ्याने, मागांच्या आवाजावर. माइक आमच्या दोघांच्या मधोमध होता.

“म्हणजे यंत्रही तूच बघणार आणि धंदाही तूच?” अप्पांनी विचारलं.

“हो. दोन्ही.”

अप्पांनी अडकित्ता मांडीवर ठेवला. “मग अक्काचं कॉलेज?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. तो क्षण किती लांब होता ते मला सांगता येणार नाही, पण त्या क्षणात दुसरं काही बोलता आलं असतं एवढा तो नक्की होता. मी म्हणालो, “आता तशी गरज नाही. ती शिकली तरी लग्न होऊन दुसऱ्याच्याच घरी जाणार. माझं शिकणं घरात राहील.”

अप्पांनी अडकित्ता पुन्हा उचलला. मग म्हणाले, “ते खरं. मी तिला शब्द दिलाय, पण ते खरं.” आणि मग ते असंही म्हणाले की मुलीला वर्षानुवर्षं घरात ठेवायचं ओझं त्यांना झोपू देत नव्हतं, आणि आता बरं झालं. मी मान हलवली. तेवढ्यात त्यांची नजर सेटवर गेली. सेटवरचा तांबडा दिवा लागलेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मागे वळलो.

बोळाच्या टोकाला कट्ट्याजवळ नळावरच्या बायका घागरी तशाच धरून उभ्या होत्या. सायकल धरून एक माणूस थांबला होता. सगळे अक्काकडे बघत होते. अक्का कर्ण्याखाली होती, जिथे तिला उभं केलं होतं तिथेच, आणि तिचा हात वर होता. सरी आहे, या अर्थाची तिची खूण होती ती. हात तिने कधी वर केला, पहिल्या शब्दाला की शेवटच्या, हे मला कधी कळलं नाही.

मी बटण बंद केलं. ती तार गुंडाळत आली. आम्हाला तशी शिस्तच होती, की परत येताना रिकामं यायचं नाही, कोपर आणि अंगठ्यामध्ये तारेचे वेढे घेत यायचं. तिने एकही वेढा चुकवला नाही. वेटोळं खुंटीला अडकवलं आणि अप्पांना म्हणाली, “आवाज स्वच्छ येतोय. शेवटपर्यंत.” आणि आत गेली. आत ती आईला काय म्हणाली ते मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

लोक मला विचारतील, तू सेट चालू केलाय हे विसरलास का? मी खरंच विसरलो होतो. पण मला सेट विसरल्याचं तितकं वाईट वाटत नाही. मी अक्काला तिथे उभं केलं होतं आणि तिला विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच अप्पांना सांगितलं की ती कॉलेजात जाणार नाही. अप्पांनी एकदा म्हणून बघितलं की मी शब्द दिलाय. ती म्हणाली, दत्तूला जाऊ दे. मी तिथेच बसून पोहे खात होतो. मी एक वाक्य बोललो असतो, की मला ती शाखा नको, मी साधं इंजिनिअरिंग घेतो, तर सगळं होतं तसं झालं असतं. अप्पा तेवढ्यावर थांबले असते. त्यांचा चेहरा कुणीतरी थांबवण्याचीच वाट बघत होता असं मला आता वाटतं. माझ्या तोंडात पोहे होते आणि मी ते चावत राहिलो. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाणी आणायला उठली. त्यानंतर कित्येक दिवस आई माझ्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलत असे.

एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आमच्या भागात कर्ण्यावरून जे सांगितलं जातं ते सगळ्यांना कळावं म्हणूनच सांगितलेलं असतं, अशी लोकांची समजूत. पालखी कधी निघणार, प्रसाद कुठे आहे, कुणाचं मूल हरवलंय. माइकवाल्या अप्पांनी आपल्या मुलीचं शिक्षण थांबवून लग्न करायचं ठरवलंय, हेही लोकांनी तसंच ऐकलं. आठवडा व्हायच्या आत स्थळं यायला लागली. मागवाल्याची बायको हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, अप्पांनी बरं केलं, सरळ जाहीरच करून टाकलं. आईला हसावं की रडावं कळेना. अक्का मात्र त्या बाईला म्हणाली, “हो, आमच्याकडे भाडं पडत नाही ना.”

त्या पावसाळ्यात शिमोग्याच्या एका मराठा घरात तिचं लग्न झालं. भावोजी सुपारीच्या व्यापारात होते, शांत, भले गृहस्थ. त्यांच्याबद्दल तक्रार करायला मला कधी जागा मिळाली नाही, आणि मिळाली असती तर बरं वाटलं असतं. लग्न आमच्याच दारात झालं. कब्बनपेटेत त्या वर्षी माइक नसलेलं ते एकच लग्न. लोकांनी विचारलं तर अप्पा सांगत होते की सेट बाहेर भाड्याने गेलाय. सेट आत पोत्याखाली झाकून ठेवलेला होता. मुहूर्ताला माग थांबवले होते, त्यामुळे अक्षता पडतानाचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

मी ती शाखा घेतली. मोटार उघडायला शिकलो, आणि ती कितीला पडते ते काढायलाही शिकलो. सुटीत दुकानात बसायला लागलो तेव्हा गिऱ्हाईक उंबऱ्यावर यायचं आणि विचारायचं, अक्का कुठे? मी सांगायचो, लग्न झालं. ते म्हणायचे, चांगलं झालं, आणि भाव विचारून निघून जायचे. मी पुस्तकात वाचलेलं सगळं करून बघितलं. भावाची पाटी लावली, जास्त दिवसांना कमी भाडं लावलं. दोन लग्नं समोरासमोर आली तर काय करायचं ते पुस्तकात नव्हतं. त्या घरी जाऊन मी कॉफी प्यायलो तर त्यांना वाटलं, हा उधारी मागायला आलाय.

कॉलेज संपल्यावर शहराबाहेरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात मला नोकरी लागली. बस सकाळी न्यायची, संध्याकाळी सोडायची. पगार चांगला होता आणि अप्पांनीच म्हटलं, घे. काही वर्षांनी त्यांनी कर्णे विकले. माझं शिकणं घरात राहील, असं मी कर्ण्यावरून सगळ्या कब्बनपेटेला सांगितलं होतं. तेही दुसऱ्याच्याच घरी गेलं. माझ्या कारखान्यात माझ्या शाखेबद्दल मला अनेकदा शाबासकी मिळाली. तंत्र आणि धंदा दोन्ही समजणारा माणूस म्हणून मला बढत्या मिळत गेल्या. प्रत्येक बढतीची बातमी मी शिमोग्याला पत्राने कळवत असे, आणि अक्काचं उत्तर यायचं की देवापुढे साखर ठेवली.

तिच्याशी यावर मी एकदाच बोललो. अप्पा जाऊन एक वर्ष झालं होतं, माझे केस पिकायला लागले होते, आणि तिला तो आजार झाला होता ज्यातून ती पुढे उठली नाही. तेव्हा मात्र ती हिंडत-फिरत होती. मी शिमोग्याला गेलो. ती मागच्या पडवीत बसून भिजवलेले अवरेकाळू दोन बोटांत दाबून सालं काढत होती. दाणा सुळकन परातीत पडायचा, साल बोटांत राहायची. भावोजी बाहेर व्यापाऱ्यांशी बोलत होते. एका व्यापाऱ्याचा आवाज चढला तशी ती हात थांबवून ऐकू लागली, आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली की यांनी आत्ता गप्प बसायला हवं, तो स्वतःहून खाली येईल. भावोजी गप्प बसले नाहीत. तिने पुन्हा दाणे सोलायला घेतले.

मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी सेट चालू होता.”

“ते मला माहीत आहे रे. मी कर्ण्याखालीच होते.”

मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. माफीचे शब्द मी वाटेत बसमध्ये जुळवले होते, त्यातला एकही नीट निघाला नाही. तिने मला थांबवलं नाही. माझं बोलून संपल्यावर तिने परात जरा हलवून दाणे सारखे केले.

“तुझं गणित चुकलं नव्हतं, दत्तू,” ती म्हणाली. “एकाच कॉलेजात दोघांचं काम होत होतं. मी अप्पांच्या जागी असते तर मीही तोच सौदा केला असता. त्याच रात्री मी तसा विचार करून बघितला. दोष सापडेना, म्हणून जास्त रडू आलं.”

परातीबाहेर पडलेला एक दाणा तिने उचलून आत टाकला.

“पण तुझ्या जागी असते तर मी आधी येऊन अक्काला विचारलं असतं,” ती म्हणाली. “आणि मी हो म्हटलं असतं रे. तेवढं मला द्यायला मिळालं असतं.”

आतून अक्काच्या सुनेने हाक मारली, दाणे झाले का म्हणून. अक्काने परात उचलून माझ्या हातात दिली आणि सालं गोळा करायला खाली वाकली.